वाहन राबते तेव्हा झिजते. उभे राहते तेव्हा गंजते

गळीत हंगाम सुरू झाला की अंबड तालुक्यातील अंकुशनगरच्या वाटा उसाच्या वाहनांनी गजबजून जातात. महाकाळा शिवारातील कर्मयोगी अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखान्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मालमोटारी आणि टायरच्या बैलगाड्या यांची रीघ लागते. जायकवाडी प्रकल्पाची कोनशिला १९६५ साली बसविण्यात आली व १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले. डाव्या कालव्याचे पाणी या टापूत आले, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून वाहने आली. आज येथील अनेक कुटुंबांच्या दृष्टीने ट्रॅक्टर व ट्रॉली ही शेतजमिनीखालोखालची मोठी मत्ता आहे. बहुधा ती कर्जातून उभी राहिलेली असते आणि तिच्या कमाईवरच त्या कर्जाचे हप्ते फेडावयाचे असतात.

या वाहनाच्या वरच्या अंगाची निगा सर्वजण राखतात. दसऱ्याला त्याची पूजा होते, हंगामापूर्वी त्याला रंग लागतो, फळ्यांवर नाव रेखले जाते. वाहनाचे पोट मात्र कोणी वाकून पाहत नाही. वास्तविक सारा भार तोलणारी चॅसिस, आस, पाटे, हूक आणि ब्रेकच्या नळ्या याच भागात असतात. मराठवाड्यासारख्या कोरड्या हवेच्या प्रदेशात लोखंडाला गंजाची भीती नाही, ती कोकणपट्टीची गोष्ट होय, अशी एक समजूत आहे. ही समजूत महागात पडणारी आहे. गंज हवेच्या कोरडेपणावर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक तो लोखंडाला काय चिकटून राहिले आहे, यावर अवलंबून असतो.

गंज चढतो कसा?

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू या दोहोंची गरज असते. यांपैकी एकाचाही अभाव असला तर गंज चढत नाही. लोखंडाच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसला की तेथे विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते. एका ठिकाणी लोखंडाचे कण विद्युतभारित होऊन पाण्यात उतरतात, शेजारच्या ठिकाणी प्राणवायू त्या क्रियेची दुसरी बाजू पूर्ण करतो आणि यातून तांबूस-तपकिरी गंज तयार होतो. शुद्ध पाण्यात ही क्रिया संथ चालते. पाण्यात क्षार विरघळलेला असेल तर त्यातून विद्युतप्रवाह सहज वाहतो आणि क्रियेला वेग येतो. क्षारांतही क्लोराइड हा विशेष उपद्रवी होय, कारण लोखंडावर आपोआप बसणारा संरक्षक थर तो ठिकठिकाणी भेदतो आणि तेथे खोल खळगे पाडतो.

मीठ आणखी एक कार्य करते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की ते हवेतील बाष्प शोषून विरघळू लागते. म्हणजे पाऊस पडला नाही तरी दमट रात्री क्षार लागलेले लोखंड ओले होते. अमेरिका, कॅनडा आणि उत्तर युरोप या थंड प्रदेशांत हिवाळ्यात रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ पसरतात. ते खारे, चिखलमिश्रित पाणी उडून मोटारीच्या पोटाला लागते व पत्रे सडतात. तेथील हिवाळ्यात गाडीचे पोट वारंवार धुणे ही नित्याची बाब आहे आणि गाड्यांचे पत्रे जस्ताचा मुलामा देऊनच वापरण्याची पद्धत कारखानदारांनी स्वीकारली आहे. आपल्या कोकणात हेच काम समुद्राकडून येणारी खारी हवा आणि मासळीच्या गाड्यांतून ठिबकणारे खारे पाणी करते.

अंकुशनगरच्या परिसरातील क्षार

गोदाकाठच्या या भागात समुद्रही नाही आणि बर्फही पडत नाही. तरीही वाहनाच्या पोटाला चिकटणारे पदार्थ येथे कमी नाहीत.

पहिला पदार्थ म्हणजे काळ्या मातीचा चिखल. या मातीतील चिकणमातीचे बारीक कण पाणी धरून ठेवतात. उसाच्या फडातून निघालेल्या ट्रॉलीच्या खाली, मडगार्डच्या कोनात आणि पाट्यांच्या खाचांत हा चिखल घट्ट बसतो. बाहेरून तो वाळलेला दिसतो, परंतु आतील थर कित्येक दिवस ओलसर राहतो. चिखलाखालच्या भागाला प्राणवायू कमी मिळतो व कडेच्या भागाला अधिक मिळतो. या तफावतीमुळे विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन नेमका चिखलाखालचा पत्रा खाल्ला जातो. त्यामुळे वरून धडधाकट दिसणाऱ्या ट्रॉलीच्या तळाला एके दिवशी अचानक भोक पडलेले आढळते.

दुसरा पदार्थ म्हणजे जमिनीतील क्षार. कालव्याच्या लाभक्षेत्रात जेथे पाण्याचा वापर अधिक आणि निचरा कमी, तेथे जमिनी खारवट व चोपण होण्याचा धोका असतो. अशा जमिनीवर उन्हाळ्यात पांढरा थर दिसतो. तोच क्षार चिखलाबरोबर वाहनाला लागतो.

तिसरा पदार्थ म्हणजे रासायनिक खत. हंगामात ऊस वाहणारी ट्रॉली इतर वेळी खताच्या गोण्या वाहते. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड होय, म्हणजेच मिठातील उपद्रवी घटक त्यातही आहे. युरिया दमट हवेत पाणी शोषून चिकट होतो. फाटलेल्या गोणीतून सांडलेले मूठभर खत फळीच्या फटीतून खाली उतरते आणि चॅसिसच्या आडव्या पट्टीवर महिनोन्महिने बसून राहते.

चौथा पदार्थ म्हणजे उसाचा रस. चिरडलेल्या कांड्यांतून गळणारा रस मुळातच किंचित आम्लधर्मी असतो. तो आंबला की त्यात ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, तयार होते. शिवाय तो चिकट असल्यामुळे धूळ, पाचट आणि वाढ्यांचे तुकडे धरून ठेवतो. प्रेसमड वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या बाबतीतही ओला सेंद्रिय थर असाच साचून राहतो. बैलगाडी गोठ्याशेजारी उभी करण्याची रीत असल्याने तिच्या लोखंडी भागांस गोमूत्रातील क्षारांचाही उपद्रव होतो.

हंगामात नव्हे, विश्रांतीत

या ठिकाणी एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात वाहन रोज फिरते. त्याला ऊन-वारा लागतो, हादऱ्यांनी काही चिखल झडून पडतो. या काळात टायर, बेअरिंग, पिना आणि क्लच झिजतात आणि ही झीज मालकाच्या लक्षातही येते. हंगाम संपला, हिशेब झाला की ट्रॉली घराच्या मागे किंवा बांधावर उभी केली जाते. तिच्या पोटाला चिखल, रस, पाचट आणि खत हे सारे तसेच असते. उन्हाळ्यात ते वाळून दगडासारखे होते. जूनमध्ये मृगाचा पाऊस आला की हा वाळलेला थर पाणी पितो आणि पुढील चार महिने लोखंडाला ओली पट्टी बांधल्यासारखा बसून राहतो. ऑक्टोबरमध्ये ट्रॉली पुन्हा जोडली जाते तेव्हा वरून रंगाचा हात फिरविला जातो आणि खालची हानी खालीच राहते.

म्हणून वाहनाच्या निगेचा सर्वांत महत्त्वाचा दिवस हंगाम सुरू होण्याच्या आदला दिवस नसून हंगाम संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनचा आठवडा होय. त्या आठवड्यात अर्धा दिवस खर्ची घातला तर चार महिन्यांचा गंज बव्हंशी टळतो. रंग, लेप आणि दुरुस्ती यांचा विचार त्यानंतरचा.

धोका केवळ पैशाचा नाही

गंजलेला तळपत्रा बदलता येतो. त्याचा खर्च सोसावा लागतो, एवढेच. परंतु काही भागांचा गंज माणसांच्या जिवाशी संबंधित असतो.

ट्रॅक्टर व ट्रॉली यांना जोडणारा हूक, त्याची पिन आणि ट्रॉलीचा पुढचा दांडा हे भाग प्रत्येक धक्क्यासरशी ताण सोसतात. गंजाने पडलेल्या खळग्यापाशी हा ताण एकवटतो, तेथून बारीक तडा सुरू होतो आणि तो वाढत जातो. त्यात क्षमतेहून अधिक ऊस भरलेला असेल तर चढावर किंवा खड्ड्यात दांडा तुटण्याचा संभव असतो. मागे सुटलेली ट्रॉली कोणाच्याही ताब्यात नसते. तिच्यावर ऊसतोडणी कामगार आणि त्यांची मुलेबाळे बसलेली असली तर काय होईल, हे सांगावयास नको. भरलेल्या ट्रॉलीवर माणसे बसविणे मुळातच अयोग्य होय.

दुसरा धोका दिव्यांचा. वाहनाच्या मागील दिव्यांना एक तार वीज पुरविते. परतीचा मार्ग बहुधा चॅसिसच्या लोखंडातूनच असतो. जेथे ही जोडणी बोल्टने घट्ट केलेली असते, तेथे गंज चढला की प्रवाह अडतो. बल्ब चांगला असतो, बॅटरी चांगली असते, तरी दिवा मिणमिणतो किंवा लागतच नाही. धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गासारख्या वेगवान रस्त्यावर रात्री दिव्याविना चालणारी उसाची ट्रॉली मागून येणाऱ्या वाहनास अगदी जवळ आल्यावरच दिसते. बोटाएवढ्या जागेतील गंज अपघातास असा कारण होऊ शकतो. ही जोडणी वर्षातून दोनदा घासून, घट्ट आवळून, वर ग्रीस लावणे हा काही मिनिटांचा उपाय आहे. मागील बाजूस परावर्तक पट्ट्या हव्यातच. त्या लावतानाही खालचा पत्रा स्वच्छ व गंजरहित असावा लागतो, अन्यथा पापुद्र्याबरोबर पट्टीही गळून पडते.

तिसरा धोका ब्रेकच्या नळ्यांचा. जीप, मालमोटार आणि शालेय बस यांच्या खालून जाणाऱ्या लोखंडी नळ्या बारीक असतात. त्यांना पकडणाऱ्या चिमट्यांपाशी चिखल साचतो आणि तेथेच त्या आधी गंजतात. नळीला खळगे दिसले तर रंग न देता ती बदलणे हाच उपाय होय.

धुणे, वाळविणे, लेपणे

पोटाच्या संरक्षणाचा क्रम ठरलेला आहे. आधी धुणे, मग वाळविणे आणि शेवटी लेपणे. हा क्रम उलटला तर श्रम वाया जातात.

पाण्याची टंचाई जाणणाऱ्या जिल्ह्यात धुण्याचे कामही काटकसरीने करावे लागते. प्रथम वाळलेला चिखल लाकडी पट्टीने किंवा बोथट खुरप्याने खरवडून काढावा. पाचट ओढून काढावे. एवढ्यानेच बरेचसे काम होते आणि पाणी पुष्कळ वाचते. त्यानंतर पाण्याचा फवारा खालून वर, खाचांत व कोनांत मारावा. रस आणि खतातील क्षार साध्या पाण्यात विरघळतात. त्यासाठी महागड्या रसायनाची आवश्यकता नसते. कूपनलिकेचे पाणी खारट असेल तर शेवटचा हात गोड्या पाण्याचा द्यावा. विद्युत जोडण्या, बेअरिंग आणि ट्रॅक्टरचा श्वासनलिकेचा भाग यांवर जोराचा फवारा मारू नये. धुऊन झाल्यावर ग्रीसच्या निपलांत नवे ग्रीस भरावे, म्हणजे आत शिरलेले पाणी बाहेर पडते.

चॅसिसच्या पोकळ भागांना आणि दरवाजांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजतात. तारेने ती मोकळी करावीत. बुजलेले छिद्र म्हणजे लोखंडाच्या आत ठेवलेली पाण्याची टाकी होय.

धुतल्यावर वाहन एक-दोन दिवस कडक उन्हात उभे करावे. त्यानंतर छोट्या हातोडीने तळ व चॅसिस हलकेच ठोकून पाहावी. निरोगी लोखंड खणखणीत वाजते, सडलेले बद्द आवाज देते. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढावा. खोल खळगे, तडा किंवा पापुद्रे सुटलेले दिसले तर जाणत्या कारागिराकडून तो भाग कापून नवा बसवावा. वेल्डिंगच्या उष्णतेने दोन्ही बाजूंचा रंग जळतो. म्हणून जोड केल्यावर आतील बाजूसही रंग देणे विसरू नये. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात आणि इंधनाच्या टाकीजवळ हे काम करू नये.

स्वच्छ व कोरड्या धातूवर प्राइमरचे दोन हात, ते वाळल्यावर तैलरंग आणि जेथे खडी-माती उडून आपटते तेथे त्यावर डांबरयुक्त किंवा रबरयुक्त लेप, अशी योजना टिकाऊ ठरते. पोकळ भागांत मेणयुक्त द्रावण फवारता येते. सायलेन्सर, ब्रेकचे ड्रम व डिस्क, रबरी नळ्या, फिरता दांडा, पाणी निघण्याची छिद्रे आणि चॅसिस क्रमांक कोरलेली जागा यांवर मात्र लेप लावू नये.

गंजावर किंवा चिखलावर थेट डांबरी लेप फासण्याची चूक सर्रास घडते. त्यामुळे ओल व क्षार आत कोंडले जातात, लेपाखाली गंज निवांत वाढतो आणि तो दिसतही नाही. अशा लेपापेक्षा उघडे, पण धुतलेले लोखंड बरे.

जळके तेल लावावे काय?

इंजिनातून काढलेले जळके तेल वाहनाच्या पोटाला चोपडण्याची रीत खेडोपाडी आहे. तेलाचा थर पाणी काही काळ दूर ठेवतो, हे खरे. परंतु जळक्या तेलात ज्वलनातून आलेली आम्ले आणि धातूचे कण असतात. त्यावर धूळ बसून चिकट लगदा होतो, रबरी भाग फुगतात आणि पहिल्या पावसात ते तेल मातीत व विहिरीत उतरते. धोकादायक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ते साठवून अधिकृत संकलकाकडे देणे योग्य. पिना, हूक व पाटे यांसाठी साधे ग्रीसच वापरावे.

हंगामानंतर वाहन ओल्या मातीवर किंवा उकिरड्याजवळ उभे न करता मुरुमाच्या अथवा दगडी पायावर उभे करावे. ट्रॉलीची एक बाजू किंचित उंच ठेवली तर पाणी साचत नाही. वर छप्पर असावे. प्लॅस्टिकचा कागद चहूबाजूंनी घट्ट गुंडाळू नये, कारण त्यात बाष्प कोंडते.

ग्रामपंचायती आणि कार्यालये यांच्यासाठी

१९७२ च्या दुष्काळापासून २०१२-१३ च्या टंचाईपर्यंत या जिल्ह्याने पाण्याची वाट अनेकदा पाहिली आहे. टंचाईत टँकर हा गावाचा आधार असतो. टँकरचे पोट तर सदा ओलेच. टाकी जेथे चॅसिसवर टेकते, त्या खोबणीत पाणी साचते आणि गंज तेथूनच सुरू होतो. टंचाई सरली की टँकर विस्मरणात जातो. पुढील उन्हाळ्यात त्याची गरज भासते तेव्हा तो गळत असतो. टाकीच्या आतील बाजूस मात्र डांबर किंवा साधा रंग लावू नये. पिण्याच्या पाण्यासाठी योग्य असलेलाच लेप तेथे वापरावा.

परिवहन वाहनांना मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ अन्वये योग्यता प्रमाणपत्र आवश्यक असते. तपासणीच्या आठ दिवस आधी रंग देण्यापेक्षा वर्षातून दोनदा पोट तपासण्याची नोंद वाहनाच्या नोंदवहीत ठेवणे अधिक हिताचे आहे. पंचायतींसह शासकीय वाहनांची नोंदणी १५ वर्षांनंतर नूतनीकृत न करण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला आहे. सार्वजनिक पैशातून घेतलेल्या वाहनाला आयुष्याची मर्यादा अशी ठरून गेलेली असताना ती पूर्ण वर्षे त्याने सेवेत राहावे, गंजून अर्ध्यातच कोपऱ्यात पडू नये, ही दक्षता संबंधितांनी घ्यावयाची आहे.

गावात ट्रॉल्यांची संख्या मोठी असेल तर ग्रामपंचायतीला एक सामाईक धुण्याचा ओटा बांधता येईल. फरसबंदी, थोडा उतार, गाळ अडविणारा हौद आणि तेल वेगळे करणारा कप्पा एवढी रचना पुरेशी होते. यामुळे वाहने ओढ्यात किंवा विहिरीशेजारी धुतली जाणार नाहीत आणि पाणीही दूषित होणार नाही.

वर्गातील प्रयोग

शिक्षकांना हा विषय मुलांपुढे सहज मांडता येईल. चार काचनळ्यांत स्वच्छ खिळे ठेवावेत. पहिलीत साधे पाणी, दुसरीत उकळून थंड केलेले पाणी व वर तेलाचा थर, तिसरीत मिठाचे पाणी घालावे. चौथीत खिळा ओल्या काळ्या मातीत अर्धा रोवावा. आठवड्याभराने मुलांनी निरीक्षणे लिहावीत. दिल्लीच्या कुतुबमिनार परिसरातील लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडातील फॉस्फरसमुळे त्यावर संरक्षक पटल तयार झाले, असे धातुशास्त्रज्ञ सांगतात. परंतु त्याच स्तंभाच्या जमिनीत गाडलेल्या भागावर गंजाचा जाड थर आढळला आहे. एवढ्या नामांकित लोखंडालाही ओली माती सोडत नाही, मग ट्रॉलीच्या साध्या पत्र्याची काय कथा!

जालना शहर पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. भट्टीत अपार ऊर्जा खर्चून मिळविलेले लोखंड पुन्हा मातीमोल होऊ देणे हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. या हंगामाची शेवटची खेप रिकामी झाली की खुरपे, पाण्याची बादली आणि तारेचा ब्रश घेऊन ट्रॉलीखाली वाकावे. तेथे घालविलेला अर्धा दिवस पुढील हंगामातील हप्ताही वाचवील आणि कदाचित रस्त्यावरील एखाद्याचा जीवही.